एका पेल्यापुरता मिक्सर



गेल्या भागात आपण प्रेशर कुकरचा इतिहास पाहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारले, "कर्नलसाहेब, आता मिक्सर का?" मिक्सर घेणारच आहे, पण मोठा नव्हे. आज आपण त्याच्या धाकट्या भावाबद्दल बोलू. एका माणसासाठी एक पेला स्मूदी करून देणारा, पाण्याच्या बाटलीएवढा छोटा ब्लेंडर. दुकानात त्याला 'पर्सनल ब्लेंडर' म्हणतात. आमच्या घरात त्याला 'आईचा मिक्सर' म्हणतात. हे नाव का पडले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास मी का खणून काढला हे कळेल.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मूळची सोलापूरची, आता आमच्याकडे सिकंदराबादला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या कवळीने हिरड्यांना जखमा केल्या आणि तिचे चावून खाणे जवळजवळ बंद झाले. डॉक्टर म्हणाले, मऊ आणि दाट पदार्थ द्या, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा. घरात साडेसातशे वॉटचा उत्तम मिक्सर होता. त्याच्या दीड लिटरच्या भांड्यात अर्धे केळे, चार भिजवलेले बदाम आणि वाटीभर दूध घातले की सगळे भिंतींना उडून चिकटायचे आणि पाते मधल्या मोकळ्या जागेत नुसतेच गरगरायचे. मग जास्त घालायचे. जास्त घातले की उरायचे. उरले की आई म्हणायची, "अरे, माझ्या एकटीसाठी एवढं भांडं कशाला विसळत बसता? राहू दे. मला भूक नाहीये."

तिला भूक होती. पण आपल्यामुळे कुणाला त्रास होतो आहे हे तिला सहन होत नव्हते. तीन महिन्यांत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. तेव्हा माझ्या लक्षात आले की अडचण अन्नाची नाही, भांड्याच्या मापाची आहे. म्हणून मी छोटा ब्लेंडर आणायला निघालो, आणि पहिल्याच प्रयत्नात चुकलो. ती चूक नंतर सांगतो, कारण तीच चूक साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या एका घरात झाली होती आणि तिच्यातून आपला भारतीय मिक्सर जन्माला आला.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या स्वयंपाकघरात दोन वेगळी कामे होती आणि त्यांना दोन वेगळी साधने होती. वाटण्यासाठी पाटा-वरवंटा, कांडण्यासाठी उखळ आणि खलबत्ता, दळण्यासाठी जाते. आणि घुसळण्यासाठी रवी. पंजाबात पोस्टिंगवर असताना तिथली 'मधाणी' पाहिली, तीही आपल्या रवीचीच बहीण. वाटण्यात घन पदार्थ दोन दगडांमध्ये चिरडला जातो. घुसळण्यात द्रव पदार्थ गोल फिरतो आणि त्यात हवा मिसळते. ही दोन कामे वेगळी आहेत, हे आपल्या आज्यांना माहीत होते. रवीने कुणी हळद कुटली नाही. ज्या यंत्राची आज गोष्ट आहे ते मुळात रवीच्या घराण्यातले आहे, वरवंट्याच्या नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

या यंत्राचे जन्मगाव अमेरिकेतले. विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी रसीन नावाचे शहर आहे. तिथे हॉर्लिक नावाच्या इंग्रज भावांचा कारखाना होता. होय, तेच आपले हॉर्लिक्स. विल्यम हॉर्लिक यांनी १८८३ साली माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचे पेटंट घेतले. ही भुकटी लहान मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी होती, म्हणजे ज्यांना नेहमीचे जेवण झेपत नाही त्यांच्यासाठी. पुढे ध्रुवावर जाणाऱ्या शोधमोहिमांनी ती बरोबर नेली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाई ती घरी घेऊन आले आणि आपल्याकडे हॉर्लिक्सची ओळख झाली, असे सांगतात. फौजी माणूस म्हणून मला ही गोष्ट आवडते.

अमेरिकेत मात्र ही भुकटी आजाऱ्याच्या खाटेवरून थेट सोडा फाउंटनवर गेली. औषधांच्या दुकानातच थंड पेयांचा गल्ला असे, त्याला सोडा फाउंटन म्हणत. १९२० ते १९३३ या काळात तिथे दारूबंदी होती, त्यामुळे या गल्ल्यांवर गर्दी उसळली. दूध, माल्ट आणि आइस्क्रीम एकत्र घुसळून दिले जाई. घुसळायला विजेची यंत्रे होती. रसीनमध्येच १९१० साली सुरू झालेली हॅमिल्टन बीच ही कंपनी अशी यंत्रे बनवत असे. एसी आणि डीसी, दोन्ही विजेवर चालणारी, लहान पण फार वेगाने फिरणारी मोटर ही त्या कारखान्यांची खरी कमाई होती. आजच्या तुमच्या मिक्सरमध्येही त्याच जातीची, कार्बन ब्रशवाली मोटर असते. म्हणून तर तो इतका ओरडतो.

त्या यंत्रांत दांडी वरून पेल्यात उतरत असे, आपल्या रवीसारखीच. स्टीफन पोप्लाव्स्की या पोलिश वंशाच्या रसीनकराने १९२२ साली ही रचना उलटी केली. फिरणारे पाते त्याने पेल्याच्या तळाशी बसवले आणि मोटर पेल्याखाली ठेवली. बदल दिसायला छोटा आहे. पण पाते तळाशी गेल्यावर द्रवात भोवरा तयार होतो, वरचे तुकडे त्या भोवऱ्यात ओढले जातात, पात्यावर आपटतात, बाजूने वर चढतात आणि पुन्हा मध्ये खाली येतात. पदार्थ आपणहून पात्याकडे येऊ लागला. ब्लेंडरचे सगळे काम या भोवऱ्यावर चालते. भोवरा पडण्यासाठी पुरेसा द्रव हवा आणि भांडे मालाच्या मापाचे हवे. आमच्या दीड लिटरच्या भांड्यात आईच्या वाटीभर दुधाचा भोवराच पडत नव्हता. मी इंजिनिअर नसूनही हे मला कळले, पण फार उशिरा कळले.

यानंतर या कथेत एक गाणाऱ्यांचा नायक येतो. फ्रेड वॉरिंग हा अमेरिकेतला त्या काळचा लोकप्रिय वाद्यवृंदप्रमुख. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओ कार्यक्रम संपल्यावर फ्रेडरिक ओसियस नावाचा माणूस त्याला भेटायला आला. हा ओसियस म्हणजे हॅमिल्टन बीचच्या संस्थापकांपैकी एक. त्याने एक नवे यंत्र दाखवले आणि ते प्रात्यक्षिकातच बंद पडले. तरीही वॉरिंगने त्यात सुमारे २५ हजार डॉलर घातले, सहा महिन्यांनीही ते नीट चालेना तेव्हा दुसऱ्यांकडून सुधारून घेतले आणि १९३७ साली शिकागोच्या हॉटेल व्यवसायाच्या प्रदर्शनात ते मांडले. किंमत २९ डॉलर ७५ सेंट. आधी ते बारवाल्यांनी घेतले, मग घरांत गेले आणि १९५४ साली दहा लाखावे यंत्र विकले गेले. पोप्लाव्स्कीची कंपनी १९४६ साली रसीनच्याच जॉन ऑस्टर यांनी घेतली, तिथून 'ऑस्टरायझर' हे नाव जगभर गेले.

हेच यंत्र प्रयोगशाळेतही शिरले. १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी विषाणूंवर एक प्रयोग केला. जिवाणूंना बाहेरून चिकटलेली विषाणूंची टरफले अलग करायला त्यांना एक साधन हवे होते, फार जोराचे नाही आणि फार हळूही नाही. स्वयंपाकघरातला ब्लेंडर नेमका तेवढाच निघाला. त्या प्रयोगाने आनुवंशिकता डीएनएमध्ये असते याला मोठा पुरावा मिळाला आणि हर्शी यांना पुढे १९६९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विज्ञानाच्या इतिहासात तो 'ब्लेंडर प्रयोग' म्हणूनच ओळखला जातो.

आता मुंबईला येऊ. वर्ष १९६३. सीमेन्स कंपनीत काम करणारे सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी माधुरी. त्यांच्या घरी ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. तो जळाला. त्या काळी आयातीवर कडक बंधने होती. नवा सुटा भाग मिळणे कठीण आणि दुरुस्तीची सोय इथे नाही. पण जळण्याचे मूळ कारण दुसरेच होते. युरोपातल्या गृहिणीने त्यात फळे, सूप, अंडी, मेयोनीज करावे म्हणून तो बनवला होता. म्हणजे रवीची कामे. आपल्याकडे त्यात भिजवलेली उडीद डाळ, ओले खोबरे, सुकी मिरची, धणे आणि हळकुंड पडले. म्हणजे पाट्याची, उखळाची कामे. यंत्र वाईट नव्हते. ते दुसऱ्याच्या जेवणासाठी केलेले होते.

माधुरीबाईंनी नवऱ्याला सरळ सांगितले की तुम्ही इंजिनिअर आहात, आपल्या स्वयंपाकाला टिकेल असा मिक्सर तुम्हीच करा. माथुर यांनी तो केला. सुमारे ५०० वॉटच्या घरातली दणकट मोटर, स्टीलची भांडी आणि ओल्या-सुक्या वाटणासाठी वेगवेगळी पाती. नाव ठेवले 'सुमीत', म्हणजे चांगला मित्र. १९७० नंतरच्या वीसेक वर्षांत हे नाव इतके पसरले की कित्येक घरांत मिक्सरलाच सुमीत म्हणू लागले. परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानात तो असायचाच. १९७८ साली चेन्नईत सुरू झालेल्या 'प्रीती'ने दक्षिणेत तेच काम केले. तिकडे मिक्सरला प्रेमाने 'मिक्सी' म्हणतात.

दक्षिणेने वाटण्याचा प्रश्न दुसऱ्या वाटेनेही सोडवला. कोइमतूरमध्ये १९५५ साली पी. सभापती यांनी विजेवर फिरणारा दगडी रगडा, म्हणजे वेट ग्राइंडर तयार केला. इडलीचे पीठ पात्याने कापून चालत नाही, ते तापते. ते दगडाखाली सावकाश रगडावे लागते. म्हणून तामिळनाडूत आजही एका घरात मिक्सी आणि ग्राइंडर दोन्ही असतात, आणि कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. २०११ साली जयललितांच्या सरकारने रेशनकार्डावर मिक्सी, ग्राइंडर आणि पंखा मोफत वाटायला सुरुवात केली. यावर टीका पुष्कळ झाली. पण रोज तास-दीड तास रगड्यापाशी बसणाऱ्या बाईला त्याचा अर्थ विचारायला हवा होता.

माझ्या आईला विचारले तर ती हात दाखवते. उजव्या मनगटाचे हाड अजून वर आलेले आहे. सोलापुरात आमचे अकरा माणसांचे घर होते. रोज पाट्यावर वाटण आणि उखळात शेंगदाण्याची चटणी. ती चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची असते. १९८२ साली मी लेफ्टनंट असताना आर्मी कॅन्टीनमधून तिच्यासाठी पहिला मिक्सर नेला. दोन दिवस तिने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खोबरे-लसणाचे वाटण केले, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "चव पाट्याची नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "पण हात दुखला नाही रे." त्या घरात पाटा पुढे सणावारालाच निघू लागला.

मग हा इतका मोठा प्रवास करून आलेला मिक्सर पुन्हा एका पेल्याएवढा कसा झाला? त्याचे कारण घरे लहान झाली. अमेरिकेत १९७३ साली लुइझियानात स्टीव्ह कुनाऊ यांनी 'स्मूदी किंग' हे दुकान काढले. फळे, बर्फ आणि पोषक भुकट्या घुसळून एका माणसाचा एक पेला, हा त्याचा धंदा. घरी एकटे राहणारे, सकाळी घाईत निघणारे लोक वाढले, तसे तोच पेला घरी करता यावा असे यंत्र आले. २००० नंतरच्या दशकात टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींतून 'मॅजिक बुलेट' गाजला, २५० वॉटचा. २०१२ साली त्याच मंडळींनी ६०० वॉटचा 'न्यूट्रीबुलेट' आणला. युक्ती पुन्हा साधी होती. पेल्यात माल भरायचा, पाते बसवलेले झाकण वरून पिरगाळायचे, पेला उलटा करून मोटरवर ठेवायचा. झाले की पाते काढायचे आणि त्याच पेल्यातून प्यायचे. पोप्लाव्स्कीचे पाते तळाशीच राहिले, फक्त पेला उलटा झाला आणि विसळायचे भांडे एकाने कमी झाले.

आता माझी चूक सांगतो. मी ऑनलाइन एक देखणा, चार्जिंगवर चालणारा ब्लेंडर मागवला. मोबाइलच्याच वायरने चार्ज होणारा, हलका, निळ्या रंगाचा. केळे-दूध छान झाले. आई खूश, मी खूश. मग मी त्यात भिजवलेले खजूर घातले, बदाम घातले, एकदा फ्रीजरमधून काढलेले आंब्याचे घट्ट तुकडेही घातले. पाचव्या आठवड्यात जळका वास आला आणि काम संपले. विक्रेत्याने फोन उचलला नाही, दुरुस्ती करणारा कुणी नव्हता, सुटे पाते मिळत नव्हते. म्हणजे १९६३ साली माथुरांच्या घरी झाले तेच. फरक एवढाच की त्यांच्याकडे अज्ञानाला सबब होती. मी मात्र तीस वर्षांहून जास्त फौजेत लोकांना शिकवत होतो की आधी काम ठरवा, मग हत्यार निवडा.

म्हणून आता निवडीबद्दल बोलू. मी कोणत्याही कंपनीचे नाव सुचवणार नाही. पाच प्रश्न सांगतो, ते विचारा.

पहिला प्रश्न, आत काय पडणार आहे? केळे, पपई, चिकू, दही, दूध, भिजवलेले ओट्स एवढेच असेल तर चार्जिंगचा चालतो. भिजवलेले बदाम, खजूर, गाजर, बर्फ किंवा गोठलेली फळे असतील तर भिंतीतल्या प्लगवर चालणारा, निदान ३०० ते ४०० वॉटचा घ्या. हिशेब करून पाहा. चार्जिंगच्या छोट्या ब्लेंडरमध्ये साधारण ७.४ व्होल्टची, २००० एमएएचची बॅटरी असते, म्हणजे सुमारे १५ वॉट-तास. मोटर १०० वॉट खात असेल तर ती बॅटरी एकूण नऊ मिनिटे पुरेल. प्रवासात ठीक आहे. उलट ४०० वॉटचा ब्लेंडर चाळीस सेकंद चालवला तर एका युनिट विजेत सव्वादोनशे पेले होतात. विजेच्या बिलाची भीती बाळगून कमी वॉटचा घेऊ नका.

दुसरा, माणूस किती आणि पेला केवढा? एकासाठी ३०० ते ४०० मिलीचा पेला पुरे. पेला मोठा घेतला तर पुन्हा आमच्या दीड लिटरच्या भांड्याची गत. 'कमाल' रेषेबरोबरच निदान किती माल हवा, तेही माहितीपुस्तिकेत बघा.

तिसरा, कोणत्या विजेचा? मुले अमेरिकेत असतील तर हे नीट ऐका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तिकडचा प्लगवाला ब्लेंडर नुसता पिन बदलून इथे लावला तर क्षणात जळतो. मुलगा प्रेमाने आणतो, पण नको म्हणा. इथलाच घ्या आणि त्यावर आयएसआयची खूण बघा. चार्जिंगचा घेत असाल तर अनोळखी नावाचा स्वस्त माल टाळा. आत लिथियम बॅटरी आहे आणि शेजारी पाणी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका लोकप्रिय चार्जिंगच्या ब्लेंडरची सुमारे ४८ लाख नग परत मागवण्याची पाळी आली. कारण तापणे, पेट घेणे आणि पाते तुटणे.

चौथा, पाते, रबराची कडी आणि मोटरला जोडणारी चकती सुटी मिळते का? आणि तुमच्या शहरात दुरुस्ती होते का? दुकानदाराला पैसे देण्याआधी हे विचारा. घासणारे, झिजणारे भाग हेच आहेत.

पाचवा, ज्याच्यासाठी घेत आहात त्याच्या हाताला तो उघडतो का? आईचे मनगट तुम्हाला सांगितले. दुकानात मी तीन नमुने तिच्या हातात दिले. दोन पेल्यांचे झाकण तिला पिरगाळता येईना. तिसरा आला. दुकानदाराला नवल वाटले, पण तोच आम्ही घेतला.

आता वापरण्याबद्दल. उभ्या भांड्यात आधी द्रव घाला, मग बाकीचे. उलटा होणाऱ्या पेल्यात शेवटी जे घालाल ते पात्याजवळ येते, म्हणून द्रव शेवटी ओता, झाकण लावा आणि एकदा हलवून घ्या. तुकडे बोटाच्या पेराएवढे करा. खजुराची बी मोजून काढा. बदाम रात्रभर भिजवा. सलग चालवू नका. दहा सेकंद चालवा, थांबा, हलवा, पुन्हा चालवा. आपल्या मोठ्या मिक्सरवर ३० मिनिटांचे रेटिंग लिहिलेले असते, त्यातही पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद असे चालवायचे असते. छोट्याला एका वेळी मिनिटभर पुष्कळ झाले. मोठा मिक्सर अचानक बंद पडला तर तळाशी लाल बटण असते, ते गार झाल्यावर दाबा. छोट्यात बहुधा ते नसते. तो आतून तापून थांबला तर अर्धा तास तसाच ठेवा.

गरम पदार्थ बंद पेल्यात कधीही घालू नका. गरम सूप, गरम दूध, ताजी शिजलेली डाळ, काहीही नाही. आत वाफ कोंडते, पेला कुकरसारखा होतो, पण शिटी नसलेला. उघडताना तोंडावर उडते. सोडा किंवा फसफसणारे पेयही नको. हळकुंड, धणे, कॉफीच्या बिया यांसाठी वेगळे पाते दिलेले नसेल तर ते मोठ्या मिक्सरला द्या.

धुणे लगेच. पेल्यात पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवा. पात्याला बोट लावायच्या आधी प्लग काढा. मोटरचा भाग पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा पात्याखालची रबराची कडी काढून धुवा. दुधाचा आंबूस वास तिथे बसतो आणि बुरशीही. ती परत बसवायला विसरू नका, नाहीतर दूध थेट मोटरमध्ये जाते.

आणि ज्येष्ठांसाठी एक सूचना. ब्लेंडरमध्ये फळाचा चोथा आतच राहतो, रसासारखा फेकला जात नाही, हे चांगले. पण गिळायला त्रास होत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर पेय किती दाट ठेवायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. फार पातळ पेय चुकीच्या नळीत जाऊ शकते. गोडाचेही भान ठेवा. आणि प्रत्येक गोष्टीला यंत्र लागत नाही. बिहारचे सत्तूचे सरबत चमच्याने ढवळून होते, आपले नाचणीचे आंबीलही पळीनेच होते. यंत्र घरात आहे म्हणून ते काढलेच पाहिजे असे नाही.

आमच्या घरी आता सकाळी आठ वाजता आईचा मिक्सर चाळीस सेकंद वाजतो. अर्धे केळे, चार बदाम, एक खजूर, वाटीभर दूध. पेला ती स्वतः बसवते, स्वतः उघडते आणि त्यातूनच पिते. विसळायला एकच पेला, तोही तिचाच, तोही तीच विसळते. वजन तीन किलो भरून आले आहे, अजून दोन बाकी आहे. परवा तिने मला विचारले, "यात शेंगदाण्याची चटणी होईल का रे?" मी म्हणालो, "आई, हा रवीच्या घरातला आहे, उखळाच्या नाही." ती म्हणाली, "मग चटणीला मोठा काढ. आज पोरं जेवायला आहेत."

मोठा काढला. दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. घरात जितकी माणसे जेवायला, तितके भांडे. तुमच्या घरात पाटा अजून असेल तर तो आणि त्याची आठवण लिहून ठेवा, वाटणाऱ्या हाताचे नाव लिहून ठेवा. पुढच्या भागात गॅसच्या शेगडीपाशी भेटू.

जय हिंद.